डबल बेल

पहाटे पाच. वर्धा बसस्टँडसमोर
तोंडातून वाफ, हातात पिवळं कार्ड,
कार्डावर चार चौकोन रिकामे:
आर्वी, कारंजा, परत आर्वी, मग पुन्हा इथंच.
दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास.
मी पोस्टातला माणूस,
दिवसभर दुसऱ्यांच्या पाकिटांवर शिक्के मारणारा.
आज माझ्यासाठी चार ठिकाणी कोणीतरी
शिक्का घेऊन बसणार होतं,
याचंच मला हसू येत होतं.

आम्ही चौघं.
आश्रमशाळेत खेळ शिकवणारी ज्योत्स्ना मडावी,
जिनिंगच्या काट्यावर बसणारा हेमराज,
मी,
आणि चाफलेकाका, ज्यांनी याच रस्त्यावर
एकतीस वर्षं लाल गाडी चालवली.
त्यांना रस्ता दिसावा लागत नाही.
"उजव्या अंगानं घ्या, खड्डा आहे,"
अंधारातून आवाज यायचा,
"सत्त्याण्णवपासून आहे थो."
आंजी गेली, खरांगणा गेलं.
दर कडुनिंबापाशी ते थांब्याचं नाव घेत,
तिथं कोण चढायचं तेही सांगत:
दुधाच्या कॅना, एक कंपाउंडर,
परीक्षेच्या दिवसांत खिडकीतून ओकणारी एक पोरगी,
जी आता म्हणे तहसीलदार आहे.

उजाडलं तेव्हा बाभळींना कापूस लागला होता.
लागला नव्हता खरं तर,
ठासून भरलेल्या गाड्यांतून
फांद्यांनी तो ओरबाडून घेतला होता.
हेमराज दर पुंजक्याकडं बघून पुटपुटायचा,
"दोन ग्राम. पाच ग्राम. हा ओला."

कारंज्यात संत्रं सोलायला बोटं वळेनात.
ज्योत्स्नानं दातांनी साल काढून चौघांना वाटली.

परतताना वारा तोंडावर आला.
एकानं पुढं राहून तो खायचा,
बाकीच्यांनी त्याच्या मागच्या चाकाला डोळे चिकटवायचे,
दोन किलोमीटरनी पाळी बदलायची.
पाठीवरून माणूस किती कळतो!
हेमराजची पाठ हिशेब करते.
ज्योत्स्नाची, वळून न बघता सगळ्यांना मोजते.
काकांची पाठ ताठ, स्टिअरिंगवर बसल्यासारखी;
तळेगाव सोडलं
आणि ती डावीकडं कलली.

पोटरीत गोळा.
काका पुलियावर बसले, पाय लांब करून,
"तुमी जा. माह्यापायी शिक्का नका घालवू.
मारा डबल बेल."

डबल बेल म्हणजे गाडी सोड,
हे इकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं.
कोणी हललं नाही.
एक पन्नास झाले होते.
हेमराजनं मनात काटा लावला असेल,
एक शिक्का भरतो किती ग्राम.
मीही लावला, खोटं कशाला बोलू.
मग ज्योत्स्नानं अंगठ्यानं घंटी वाजवली.
एकदाच.

शेतातून वेचणीवालीनं मिठाची पुडी आणून दिली.
"चालत्या गाडीतून उतरले का बाप्पा?"
काका हसले, हसताना गोळा पुन्हा आला.
चाळीस मिनिटं.

वर्ध्यात शिरलो तेव्हा सहा एकेचाळीस.
अकरा मिनिटं उशीर.
बॅनर गुंडाळणारा पोरगा ओशाळला.
शिक्का त्याच्या खिशातच होता.
काकांनी विचारलं, "लेट गाडीची नोंद कुठी करता?"
त्याच्याकडं तसा रकाना नव्हता.
"आमच्याकडं होता," काका म्हणाले
आणि लंगडत आलूबोंड्याच्या गाडीकडं गेले,
तर्री जास्त टाक म्हणत.

सोमवारी खिडकी उघडण्याआधी
शिक्क्याची तारीख बदलायला घेतली.
शनिवारवरून सोमवारवर यायचं
तर चाक दोन घरं फिरवावं लागतं.
रविवार आमच्या शिक्क्यात नुसता वाटेत लागतो,
विनंती थांब्यासारखा.
बोटं अजून बधिर.
चाक मधल्या घरावर अडलं, की मीच अडवलं,
सांगता येत नाही.
"चालू आहे का बंद आहे जी खिडकी?"
रांगेतली पहिली बाई.
"थांबली आहे," मी म्हटलं,
"एक पाशिंजर येऊन राह्यलं."