चांदणीची खूण

ग्रिम्सबीत, फ्रीमन स्ट्रीटवरच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात
हुद्दार आले, ओल्या टोपीसकट.
इस्पितळात तीस वर्षं एक्स-रे काढलेला माणूस,
हातात नवा फोन.
म्हणाले, "पत्रं आली सगळी. एक कप्पा तेवढा नाही आला."
नाव विचारलं, तर टोपीतलं पाणी झटकत बसले.

फोन तसा खोटं बोलत नव्हता.
तो सर्व्हरला विचारतो तेच बेताचं:
ज्यांची वर्गणी चालू आहे तेवढे कप्पे सांग.
बाकीचे असतात, पण
त्यांच्या नावानं कुणी हाकच मारत नाही.

मी काळी खिडकी उघडून हातानं विचारलं.
आधी टक्क्याची खूण: फक्त वरचा मजला दाखव.
मग चांदणी: असतील नसतील तेवढे, तळघरासकट.

सर्व्हर सांगत गेला
खानेसुमारीच्या कारकुनासारखा, आवाज न चढवता.
इनबॉक्स. मुलं नाहीत.
पाठवलेली. कचरा.
मग घर, आणि पुढे शेरा: निवडता येत नाही.
म्हणजे त्याच्यात स्वतःचं एकही पत्र मावत नाही,
नाव आहे ते पोटातल्यांना धरून ठेवण्यापुरतं.
घर, तिरपी रेघ, गॅसबिल.
घर, तिरपी रेघ, शालनची औषधं.
इथे हुद्दार म्हणाले, "पुढे."

आणि अगदी खाली
&CSgJAgkkCTA-

"हे काय, बिघडलंय?"
नाही हो, देवनागरी आहे.
जुन्या यंत्रांच्या जिभेला आपली अक्षरं झेपत नाहीत,
मग ती अशी घडी घालून नेतात.
उलगडली.
नंतर.
एवढंच. नंतर.

चौकटीत बरोबरची खूण केली
आणि फोनवर, कचऱ्याच्या खाली, नंतर उगवलं.
न वाचलेली: एक हजार एकशे बारा.

वाटलं, आता उघडतील.
अंगठा काचेपासून बोटभर वर थांबला.
श्वास रोखा, म्हणायचे ते लोकांना, आता सोडा.
सोडा म्हणणारं दुकानात कुणी नव्हतं.
"आहे ना जागेवर," म्हणाले शेवटी. "मग झालं."

पैसे मी घेईना, तर दुसऱ्या दिवशी
काउंटरवर हॅडकचं पुडकं ठेवून गेले.
संध्याकाळपर्यंत वास.
काळी खिडकी बंद करायची राहूनच गेली होती.
तिच्यात सर्व्हरची शेवटची ओळ:
ठीक. यादी पूर्ण.