शेवटचं पान

पाचपावलीच्या शाळेत बोलावलं होतं मला,
'लेखक आपल्या भेटीला' म्हणून.
फळ्यावर माझं नाव, आडनावात एक चूक,
आणि खोडवणार नाही इतकं सुंदर अक्षर.

ढोबळे मॅडमनी ओळख करून दिली,
तेवढ्यात माझी पुस्तकं पाचाची पंधरा झाली.
मार्च लागलेला. वरचा पत्रा तापू लागला होता.
एका पंख्याखाली साठ पोरं,
दुसरा पंखा नुसताच बघत होता.

मी ठरलेलं बोललो, वाचनाचं महत्त्व वगैरे.
तिसऱ्या रांगेतल्या एकाने जांभई दिली,
इतकी मोकळी की मलाही आली.

मग डोमाजींनी करदोट्याची किल्ली काढून कपाट उघडलं.
आत माझंच एक पुस्तक:
महालात चुकून आलेल्या उंटाचं,
बावीस वर्षांपूर्वीचं.
पाठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी
आणि शेवटचं पान नाही.

"कोणी फाडलं?" मॅडम.
"माझ्या ताईच्या वेळेसबी नव्हतं," फैजान म्हणाला,
"तिच्या वर्गात उंट अजनीला गेला, मालगाडीचे डबे ओढाले."
"आमच्यात तो मारबतीच्या मिरवणुकीत घुसला,
लोकायले वाटलं, यंदाचा बडग्या लय भारी जमला!"
"नाही बे, तो फुटाळ्यावर कणसं विकते."
"उंट कसा विकन बे?"
"तुह्यासारखा. मान लांब करून."

साठ पोरं, एकाच वेळी.
पंखाही, खरं सांगतो, जरा जोरात फिरला.

तेव्हा संबोधी उठली,
एका वेणीची रिबीन सुटलेली.
"सर, खरा शेवट काय हाये?"

पिशवीत कोरी प्रत होती. वाचला.
उंटाला त्याचा मालक सापडतो,
दोघं आनंदाने गावी जातात.

शांतता.
"बस?"

बावीस वर्षांत एकाही समीक्षकाने
इतकं थोडक्यात लिहिलं नव्हतं.

"पण मालक तर त्याले मारत होता ना, चौदाव्या पानावर?"
तिने पान काढून दाखवलं.
मारत होता.
प्रकाशक घाईत होता, मी घाईत होतो,
ही पोरगी घाईत नव्हती.

कोरी प्रत शाळेला देऊ केली.
"नको सर, आमचंच बरं हाये."
म्हणून जुन्यावरच सही करायला घेतली
तर तिने बोटाने जागा दाखवली:
"इथं वर करा. खाली आमाले लागते."

फाटकापर्यंत डोमाजी सोडायला आले.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "म्याबी वाचलं होतं जी.
म्या त्याले कुठीच नाही पाठवलं."
आणि शाळेमागच्या बाभळीकडे पाहिलं,
जिचा वरचा वरचा पाला
कोणीतरी खाल्लेला होता.