मागे राहायची शर्यत

खोव्दच्या रुग्णालयात ऑक्टोबर लागला
की एप्रनचाच एक्स-रे काढायचा.
जो आम्हाला झाकतो, त्याला टेबलावर उताणा निजवायचं.
त्याला बाह्या नाहीत, हात कुठे ठेवू विचारत नाही,
श्वास धरून ठेव असंही सांगावं लागत नाही.

पडद्यावर शिसं पांढरं उमटतं,
गोठलेल्या बुयांत नदीवर बर्फ पडल्यासारखं,
आणि त्या पांढऱ्यात, कमरेच्या जरा खाली,
एक काळी रेघ. तिला फुटलेली दुसरी.
रेघेची उंची मला ओळखीची वाटली.
ती खुर्चीच्या पाठीची होती.
अकरा वर्षं रोज संध्याकाळी
मी त्याला खोगिरासारखा खुर्चीवर टाकून घरी गेले,
आणि खुंटी चार पावलांवर होती.

शिकाऊ मुलगी, खोंगोरझुल, वहीत उतरवून घेते :
एप्रनची घडी घालू नये.
म्हटलं, हेही लिही,
दारावरचा लाल दिवा लागला का ते बाहेर जाऊन बघायचं,
आत बसल्यावर तो लागलाच आहे असं वाटतं.
आणि दुप्पट लांब गेलीस तर चौथाई उरतं.
"कशाची चौथाई?" तिनं विचारलं.
मी सांगू लागले, मग थांबले.
ज्याला वास नाही, ऊब नाही, आवाज नाही
त्याला बोट कुठे करून दाखवू?

डॉक्टर गोंचिग यांचा आकडा
सहा तिमाह्या शून्य.
दिवसभर मोडकी हाडं जुळवणाऱ्याचा शून्य :
एक तर देवमाणूस, नाही तर ड्रॉवर.
ड्रॉवरच निघाला.
चहाच्या मिठाची पुडी, विजेरी, दोन चमचे,
आणि पुडीखाली त्यांचा बिल्ला,
नाव वर, निवांत.

वडीलधाऱ्याला तोंडावर बोलणं आमच्यात बसत नाही.
"कॉलर दुमडलीय तुमची," म्हटलं,
आणि सरळ करता करता बिल्ला अडकवून टाकला.
ते उभे राहिले,
देलचं वरचं बटण बायको लावत असताना
माणूस उभा राहतो तसे. छताकडे बघत.
मग रोज सकाळी ती कॉलर दुमडलेली असे.

डिसेंबर संपता संपता बिल्ले खोक्यात भरले.
सोबत एक कोरा जातो, कुणाच्याच नावाचा नाही,
वाटेत काय लागलं तेवढंच मोजायला.
मला तो नेहमी पोरका वाटतो.
उलानबाटरची बस, दोन दिवसांची वाट.
पहारेकऱ्याच्या बायकोनं, त्सेन्दनं,
बसमागे दूध शिंपलं, एवढुंसं,
थेंब जमिनीला लागायच्या आत गोठले असतील.

आकडा आला तेव्हा फेब्रुवारी होता.
मर्यादेच्या आत होता, पण आकडा होता.
डॉक्टरांनी कागद खिडकीपाशी नेला,
चष्मा काढून वाचला, घालून वाचला.
त्या दुपारी मांडीचं हाड होतं.
मी पेडलवर पाय ठेवला.
"थांब," म्हणाले,
दोन पावलं मागे सरले,
आणि मान हलवली.
यावर आम्ही कधी बोललो नाही.
ड्रॉवरमध्ये आता फक्त मीठ असतं.

जुलैत शर्यतीत घोड्यावरून पडलेला पोरगा आला,
सात वर्षांचा, गळपट्टीचं हाड,
केसांत अजून माळावरची धूळ.
नवा एप्रन बापाला दिला,
बाप ओझ्यानं हसला, मग पोराचा हात धरून बसला.
पोराची नजर माझ्या छातीवर.
"हा कुठल्या शर्यतीचा?"
"ज्यात मागे राहायचं असतं, तिच्यातला."
त्याला नवल वाटलं नाही.
"शेवटी आलेल्या शिंगरालाही गाणं म्हणतात," तो म्हणाला,
मलाच समजावल्यासारखा.
खरं आहे, म्हटलं. आता हलू नकोस.
आणि भिंतीमागे गेले.