आधी कंदील

भैरू जन्मला तो फुलस्केपवर आखलेल्या चौकटीत.
बळ अठरा, चपळाई नऊ, अक्कल सहा.
शस्त्र: कुऱ्हाड. भूतकाळ: नाही.
"नाही म्हणजे?" मी विचारलं.
"नाही म्हणजे नाही," सुकुमार मगदूम म्हणाला,
"मारामारी आली की सांगा मला,"
आणि भडंगातला शेंगदाणा वेचून तोंडात टाकला.

सांगलीच्या मार्केट यार्डात, तो वजनं लिहितो त्याच गोदामाच्या माळ्यावर
दर रविवारी आम्ही चौघं.
खाली हळदीची पोती, वर आमचं राज्य.
वीस बाजूंचा फासा पुण्याहून मागवला तेव्हा पांढरा होता.
रुकय्या मिरजेहून येते, दिवसभर सतारीच्या तारा विकून,
तिच्या जादूगारणीला दोन शाप आहेत, एक सासू,
आणि तिसऱ्यांदा बदललेलं नाव.
निवास हारुगडेचा चोर इतका बोलतो
की चोरी राहूनच जाते.
मी सूत्रधार. कुठलं दार कुरकुरायचं ते माझ्याकडं.

भैरू तेवढा तसाच. दीड वर्ष.
मी विहिरीत खडे टाकावे तसे प्रश्न टाकत राहिलो:
डावा कान कुणी तोडला?
घरी कोण असतं?
रात्री दाराकडं तोंड करून का झोपतोस?
"झोपतोय की," म्हणायचा. "पुढं चला."
मला वाटायचं, ह्याला माणूस रचताच येत नाही.
आता लाज वाटते. पण वाटायचं.

मग माघातल्या एका रविवारी
उजाड गढीच्या अंगणात मी एक पेव उघडलं.
नकाशावर नव्हतं, आयत्या वेळी सुचलं.
तळाशी सोनं आहे, म्हणालो.
निवासचा चोर दोराशिवाय उडी मारायला तयार.

"थांब."

सुकुमारनं फासा उचललाच नाही.
"भैरू तोंडावर आडवा पडतो. कुणाला उतरू देत नाही.
आधी झाकण काढून ठेवायचं. एक रात्र. वारा खेळू द्यायचा आत.
मग कंदील सोडायचा दोरानं.
कंदील विझला तर माणूस विझतो.
त्याचा भाऊ उतरला होता असाच.
गाडी उभी होती भरायला,
शेठ ओरडत होता."

खाली कुणीतरी शटर ओढलं.

हरिपूरच्या पेवांबद्दल मी ऐकून आहे.
मगदूम मूळचे तिकडचे, हेही.
भाऊ कुणाचा, ते विचारलं नाही.
आमच्या टेबलाचा पाळण्यासारखा नियम एकच:
इथं बोललेलं ते पात्राचं.

रात्रभर थांबलो.
खेळातली रात्र, म्हणजे दीडेक मिनिट,
पण कुणी बोललं नाही, निवाससुद्धा.
मग दोर सोडला. रुकय्याची मूठ टेबलावर आवळलेली,
जणू दुसरं टोक तिच्याकडं होतं.
फासा मी टाकला, पुठ्ठ्याच्या आडोशाला.
किती पडले ते सांगणार नाही.
कंदील जळत राहिला.

निघताना सुकुमारनं कागद परत मागितला.
भूतकाळासमोरचं 'नाही' खोडायला घेतलं,
इतकं घासलं की तिथं भोक पडलं
आणि टेबलाचं लाकूड दिसायला लागलं.
भोक तसंच ठेवलं त्यानं. वर काही लिहिलं नाही.
मग म्हणाला, "भैरूला दोर वळता येईल का?"
"लढाईत त्याचा उपयोग नाही," मी सांगितलं.
"माहितेय."

त्याला रकानाच नव्हता. समासात लिहिलं,
दोर वळणे.
"आणि आकडा?"
सुकुमार बराच वेळ पेन्सिलीकडं बघत बसला,
पिवळ्या बोटांत ती पिवळी पेन्सिल.
"लिवा," म्हणाला, "शिकतोय."