पाऊणपट

तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं.
एवढंच, भानजी म्हणाला पहिल्या रात्री
फाटकाच्या चाकाला ग्रीस लावता लावता.
अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ.
पुनवेला सव्वाअकरा, तेव्हा डबा आधीच खाऊन घे.

शिवडीच्या नाल्यावर माझी ड्युटी:
समुद्र चढला की फाटक बंद, उतरला की उघडं.
बावीस वर्षं.
आता मोबाइलवर तक्ता येतो, मिनिटासकट,
तरी मी बोटांच्या पेरांवर पाऊणपट मोजतो.
आई याच पेरांवर जप करायची.
मला तो कधी जमला नाही.
देवळाच्या रांगेत माझं लक्ष चपलांपाशी.

भाद्रपदात जाळीला एक प्लास्टरचा हात अडकला,
मनगटापासून तुटलेला, अभय देणारा.
खिडकीत ठेवलाय. त्यावर कावळा बसतो.
मार्गशीर्षात रोहित उतरतात,
रिफायनरीच्या धुराखाली चिखल गुलाबी होतो,
मान उलटी घालून दिवसभर गाळ गाळत राहतात.
ज्येष्ठात जातात. एखादा लंगडा मागे उरतो,
त्याच्यासाठी कोणी थांबत नाही
आणि चिखल त्याला उपाशी ठेवत नाही.

भानजी गेला नवमीला, भांगाच्या पाण्यावर,
जेव्हा समुद्र धड येत नाही, धड जात नाही.
मी स्मशानातून थेट फाटकावर आलो.
पावणेसात. पाणी आलंच होतं,
तिवरांच्या मुळ्या एकेक करून बुडवत, नेहमीसारखं.
ज्याने आयुष्यभर त्याची वेळ सांभाळली
त्याच्यासाठी मिनिटभरही खोळंबलं नाही.
फार राग आला मला त्या रात्री. चाक जोरात फिरवलं.

तो राग किती पुनवा टिकला, मोजलं नाही.
एवढं कळतं: रोज पाऊण तास उशिरा येतो,
आणि एकदाही चुकलेला नाही.
असा दुसरा कोण आहे माझ्या ओळखीत?

काल कोजागिरी. दूध नव्हतं, चहा होता.
सव्वाअकराला पाणी फाटकाला टेकलं,
आवाज न करता, दार माहीत असल्यासारखं.
वहीत 'शेरा' या रकान्यात
बावीस वर्षं मी 'काही नाही' लिहीत आलो.
काल लिहिलं: आला.

सकाळी साहेबांनी वही पाहिली.
पाणी आला? अहो, पाणी आलं लिहा, म्हणाले,
आणि लाल शाईने काना खोडून वर अनुस्वार दिला.

मी मान डोलावली.
आज प्रतिपदा. पुन्हा एकापासून.