दुसरा मंगळवार

टूसॉनच्या या वसाहतीत दोनशे बारा घरं
आणि रंग चार. पाचव्याला दंड.
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मी टेप घेऊन फिरतो.
गवत चार इंच, कुंपण पाच फूट,
कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसता कामा नये.

व्हर्ना एस्कलांटेच्या दारात
फळ्यांचा एक उतार आहे, न विचारता ठोकलेला.
चाकाच्या खुर्चीसाठी होता.
खुर्ची मार्चमध्ये गेली,
खुर्चीतला माणूस त्याआधी.

"तीस दिवसांत काढा." मी कागद पुढे केला.
"काढणारच होते," ती म्हणाली.
"मुलाला सांगितलंही होतं, येताना पहार आण.
आता नाही काढणार."

मग विचारलं, जमीन कुणाची?
तुमची.
घर?
तुमचंच, बाई.
"मग माझ्या दारात हा बूट कुणाचा?"

कलम अकरा मला तोंडपाठ आहे:
आगाऊ सूचना देऊन आवारात येता येतं.
खाली सही तिच्या नवऱ्याचीच.
हे मी बोललो नाही.
सही करताना तो उभा होता.
पेन माझं होतं.

उताराची लांबी घ्यायची राहिली होती.
वाकलो. तिने टेपचं दुसरं टोक धरलं,
मदतीला म्हणून असेल,
आणि मग सोडेचना.

चौदा फूट, मी लिहिलं.
फळ्यांवर चाकांनी झिजलेले दोन पट्टे,
मधे रंग अजून कोरा, निळा.
आमच्या चारांत निळा नाही.
तेवढं लिहायचं राहिलं.