आदरार्थी

सकाळी आठ ते दहा जर्मन, रानडे इन्स्टिट्यूटला.
मग खोदून ठेवलेल्या गणेशखिंडीतून रखडणारी बस,
साडेअकराला विद्यापीठात समाजशास्त्र.
जनवाडीत विचारतात, दोन्ही मिळून काय होतं?
मी म्हणते, उशीर होतो.

डेर, डी, दास पाठ करताना
कॉन्व्हेंटची मुलं कपाळ बडवून घ्यायची.
मला त्यात नवल काय?
चमचा तो, सुरी ती, ताट ते.
कुणी ठरवलं, हे आमच्यातही कुणी विचारत नाही.
त्यांच्याकडं मात्र मुलगी नपुंसकलिंगी,
बाई झाली की मग स्त्रीलिंगी.
जुईलीनं वहीच मिटली. मी हसले,
आणि हसू पुरतं यायच्या आत
आत्याची शकू आठवली,
सोळाव्या वर्षी स्त्रीलिंगी झालेली.

क्रियापद शेवटी येतं, रेगे मॅडम सांगतात,
ते येईपर्यंत अर्थ धरून ठेवायचा.
आम्ही टँकरसाठी हंडा धरतो, तसा.

दुपारी तडवी सर फळ्यावर एक जर्मन शब्द लिहितात: बेरूफ.
व्यवसाय, पण नुसता नव्हे.
त्यात रूफ आहे, म्हणजे हाक.
आतून, वरून, कुठून तरी माणसाला आलेली हाक.
सगळे उतरवून घेतात.
सर्वेक्षणाच्या फॉर्मवर रकाना सात: आईचा व्यवसाय.
प्रभात रोडला सहा घरच्या पोळ्या.
आणि हाक येते, खरंच येते, पावणेसातला,
जिन्यात चप्पल काढता काढता:
ए मालन, आज फुलके कर, तेल लावू नकोस.

त्या रविवारी आगाशे काकूंनी मलाही बोलावलं.
ब्रेमेनची नात मराठी विसरत चालली होती.
लॅपटॉप डायनिंग टेबलावर, शेजारी औषधांचा डबा.
काकू बोलायच्या, मी जर्मन करायचे,
लेओनी बोलायची, मी मराठी.
दात पडला. सायकलला नवी घंटा. थंडी आहे का? आहे.
मागं आई कणीक तिंबत होती.
लेओनीनं मान वाकडी करून माझ्या पलीकडं बघितलं:
उंड व्ही हाइसन झी?

नऊ वर्षांच्या पोरीला
अनोळखी मोठ्या माणसाशी असंच बोलायला शिकवलेलं असणार.
विशेष काही नाही, पहिल्या पुस्तकातलं पान बारा.
मी भाषांतर केलं:
तुमचं नाव काय?
काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.
आईनं फ्रीजकडं बघितलं,
तिथं कोण उभं आहे म्हणून.
मग पिठाचे हात पाठीमागं नेऊन,
शाळेत साहेब आल्यासारखं, पूर्ण सांगितलं:
मालन दगडू खंडागळे.
अठरा वर्षांत त्या घरात हे आडनाव
पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असेल.

‘असेल’ला पुरावा काय, असं सर विचारतील
म्हणून मी ते वाक्य निरीक्षण-वहीत गाळलं.
त्यांनी समासात वेगळंच विचारलं, लाल पेनानं:
निरीक्षक कुठे बसली होती?
बसली नव्हती, सर.
खुर्च्या चार होत्या. लॅपटॉपला एक लागत नव्हती,
तरी ती उभीच होती.

रात्री आई म्हणाली, काय गं म्हणाली ती पोर, परत म्हण.
झी.
टीव्हीवरचं?
नाही गं. लहान अक्षर काढलं तर ती,
मोठं काढलं तर तुम्ही. ऐकायला दोन्ही एकच.
(मीही तिला अगं म्हणते. ते वेगळं.
वेगळंच ना?)
मग तिनं मोठं काढलं कशावरून?
क्रियापदावरून, मी म्हटलं. शेपूट बदलतं त्याचं.

आईनं दिवा घालवला.
बराच वेळ काही नाही, नुसता पंखा.
म्हणजे आली न् आल्या, ती अंधारात म्हणाली.
आणि मग, कूस बदलून:
उद्या साडेपाचलाच उठव मला. पहिल्या घरी पाहुणे आहेत.